बदामी-ऐहोळेची लेणी: कोल्हापूरहून जाताना तयारी काय करायची आणि कोणत्या क्रमानं बघायची

कोल्हापुरातून बदामीला जाणारे पुष्कळ. बदामीजवळची बनशंकरी कितीतरी घरांची कुलदेवी, त्यामुळे ओटी भरायला, लग्नानंतर जोडीनं, पौषातल्या जत्रेला माणसं जातच असतात. आल्यावर विचारावं, "लेणी बघितली का?" तर उत्तर ठरलेलं: "बघितली की. वर गेलो, आत काय नव्हतं. माकडं मात्र लई."

आत काही नव्हतं हे खरं आहे आणि घोटाळा तिथंच होतो. आपण लेण्यात देवळात शिरल्यासारखे शिरतो. नाकासमोर गाभाऱ्याकडे, हात जोडले, वळलो, बाहेर. बदामीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्याचा गाभारा रिकामा आहे. बघण्यासारखं सगळं ओसरीच्या दोन टोकांना, खांबांच्या माथ्यावर आणि छताला कोरलंय, म्हणजे सरळ चालणाऱ्याच्या नजरेला पडणारच नाही अशा जागी. पुढचे टप्पे मुख्यतः ही एक चूक टाळण्यासाठी आहेत.

यात बदामीची चार लेणी (तीन हिंदू, एक जैन) आणि ऐहोळेची दोन (रावणफडी आणि जैन लेणं) धरली आहेत. वाटेत पट्टदकल लागतं, पण तिथली देवळं बांधीव आहेत, कोरीव लेणी नाहीत. वेळ उरला तरच तिथं थांबा.

## टप्पा १: दिवस ठरवणं

दोन मुक्काम धरा. पहाटे निघून रात्री परत हा बेत ज्यांनी ज्यांनी केला, त्यांनी बदामीत जेमतेम दीड तास काढला. ऐहोळे त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सगळ्यात चांगले. एप्रिल-मे मध्ये तो तांबडा दगड असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, अक्का-तंगीचा धबधबाही कड्यावरून कोसळतो, पण पायऱ्या ओल्या आणि आत अंधार. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पावसाळा टाळावा.

आता वार. बदामी आणि ऐहोळे दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं आहेत आणि ती शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पोचून शनिवारी लेणी बघून निघालात तर बदामीचं संग्रहालय हुकण्याची शक्यता जास्त. शनिवारी निघून सोमवारी परत, हा बेत मला सोयीचा वाटतो. रविवारी लेण्यांवर गर्दी होते हे खरं, पण सकाळी लवकर गेलात तर ती तुमच्या मागून येते.

इशारा: पौष पौर्णिमेला बनशंकरीचा रथ असतो आणि जत्रा पुढं बरेच दिवस चालते. जत्रा आणि लेणी एकाच फेरीत करायची असं ठरवू नका. तेव्हा खोली मिळणं मुश्किल, आणि मिळाली तरी घरच्यांचा जीव जत्रेत गुंतलेला असतो.

## टप्पा २: घरी बसून करायची तयारी

हा टप्पा लोक गाळतात आणि मग वर जाऊन "हा कोण? विष्णू का?" असं एकमेकांना विचारत उभे राहतात. पोथ्या-पुराणं वाचायची गरज नाही. एका संध्याकाळी खालच्या खुणा घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पोरांना, तोंडपाठ करायला लावा:

- त्रिविक्रम: एक पाय उंच, आडवा, आकाशाला भिडलेला. बाजूला खाली छत्री घेतलेला बटू वामन. एकाच चित्रात गोष्टीची सुरुवात आणि शेवट.
- वराह: माणसाचं अंग, रानडुकराचं तोंड, हातावर उचलून घेतलेली भूदेवी.
- हरिहर: मधोमध उभी रेघ धरा. एका बाजूला जटा आणि नाग, दुसऱ्या बाजूला किरीट आणि शंख. अर्धा शिव, अर्धा विष्णू.
- अर्धनारीश्वर: रेघ तीच, पण अर्धा पुरुष, अर्धी स्त्री. कानातले दागिनेसुद्धा दोन बाजूंना वेगळे असतात, ते तपासा. हरिहर आणि अर्धनारीश्वर यांचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो.
- पार्श्वनाथ: उभे वा बसलेले, डोक्यावर नागाचा फणा.
- बाहुबली: उभे, हात सरळ खाली सोडलेले, पायांना वेलींनी वेढे घातलेले, जवळ वारुळातले साप.
- पार्श्वनाथ सोडून बाकीचे तीर्थंकर: पद्मासनात किंवा कायोत्सर्गात (ताठ उभे), अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर एकावर एक तीन छत्रं. बुद्ध समजू नका. बुद्धाच्या अंगावर चीवर असतं आणि त्याची कडा दगडातही दिसते.

बाहुबली ओळखणं आपल्याला सोपं जावं. कुंभोजचा २८ फुटी बाहुबली बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बघितलेला असतो. तो शुभ्र, प्रचंड, उघड्यावर. बदामीचा त्याच्यापुढं लहान, सावलीत, आणि त्याच्या केसांच्या बटा खांद्यांवर रुळतात. जाण्याआधी एकदा कुंभोजला जाऊन या, मग तिथं उभं राहिल्यावर फरक आपोआप दिसेल.

दुसरी तयारी पायांची. जोतिबाकडच्या पोहाळे लेण्यांवर एक सकाळ घालवा. ती मूळची बौद्ध लेणी, पण इथं विषय धर्माचा नाही, सरावाचा आहे. बॅटरी कशी धरायची, अंधाराला डोळे सरावायला किती वेळ लागतो, आईचे गुडघे पायऱ्यांना किती साथ देतात, हे अडीचशे किलोमीटरवर जाऊन कळण्यापेक्षा घराजवळ कळलेलं बरं. (तिथं कुणीतरी "पांडवांनी एका रात्रीत कोरली" असं सांगेलच. आपल्याकडं दगडात भोक दिसलं की पांडव आलेच.)

तपासा: घरातला सगळ्यात लहान सदस्य फोटो बघून हरिहर आणि अर्धनारीश्वर यांतला फरक सांगू शकतो का? सांगत असेल तर तयारी झाली.

## टप्पा ३: पिशवीत काय, आणि पिशवी कसली

घ्यायच्या वस्तू थोड्याच: पिवळसर उजेडाची लहान बॅटरी, पाण्याची बाटली, जाड मोजे, टोपी, वही-पेन, सुटे पैसे. दुर्बीण असेल तर घ्या, खांबांच्या माथ्यावरची जोडपी तिच्यातून फार छान दिसतात. तिकीट कोड स्कॅन करून काढता येतं, पण डोंगराच्या कुशीत मोबाईलची रेंज रुसते, म्हणून रोख जवळ ठेवा. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तिपाई नेऊ नका, तिला वेगळी परवानगी लागते.

पिशवी मात्र चेनची, पाठीला लावायची आणि बंद. कॅरीबॅग नको, हातातली कापडी पिशवी नको. पहिल्या खेपेला आम्ही बनशंकरीहून थेट लेण्यांवर गेलो आणि काकूंच्या हातात प्रसादाची पिशवी तशीच होती. पहिल्या लेण्याच्या पायऱ्यांवर एक थोराड माकड आलं, त्यानं पिशवीचा तळ नखानं फाडला, नारळ गडगडत खाली गेला आणि केळी घेऊन ते कठड्यावर बसलं. काकूंना केळ्यांचं काही वाटलं नाही. पण नारळ गेला म्हणून त्या दिवसभर हळहळत होत्या. मग नटराज काय आणि वराह काय, कुणाचंच लक्ष लागलं नाही.

इशारा: खाण्याचा एकही पदार्थ वर नेऊ नका, बिस्किटाचा पुडाही नाही. कागदाचा नुसता चुरचुर आवाज पुरतो. चष्म्याला दोरी लावा. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नका, त्याच्या पुढ्यात दात काढून हसू नका. आणि चप्पल बाहेर काढायची वेळ आलीच तर ती मोकळी ठेवू नका, पाठपिशवीत घाला.

## टप्पा ४: प्रवास

गाडीनं महामार्गावरून कागल, निपाणी, संकेश्वर, आणि तिथून आत वळून गोकाक, लोकापूर करत बदामी. साधारण पाच-साडेपाच तास धरा. नकाशा कमी दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका. उसाचा हंगाम आणि लेण्यांचा हंगाम एकच. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि अंधारात मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. म्हणून पहाटे उजाडताना निघा, आणि परतीलाही अंधार पडायच्या आत महामार्गाला लागा.

एसटीनं किंवा कर्नाटकच्या बसनं जायचं तर बेळगाव नाहीतर बागलकोटला गाडी बदलावी लागते. बसच्या पाट्या कानडीत असतात, पण चढण्याआधी वाहकाला नुसतं "बदामी?" विचारलं तरी काम होतं. सीमाभागात मराठी चालतं, पुढं हिंदी. रेल्वेनं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, बदामीचं स्टेशन गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर आहे. गाडी रात्री उशिरा पोचत असेल तर रिक्षाची सोय आधी बघा.

गावात पोचल्यावर "गुहा" विचारलंत तरी कळतं, पण तिथली माणसं या लेण्यांना "मेणबसदी" म्हणतात. ऐहोळेच्या जैन लेण्यालाही हेच नाव ऐकू येतं, तेव्हा फोनवर कुणाशी बोलताना कोणती मेणबसदी ते स्पष्ट करून घ्या.

## टप्पा ५: पहिली संध्याकाळ तळ्याकाठी

पोचलात की लगेच लेण्यांकडे धावू नका. प्रवासानं अंग आंबलेलं असतं. आंघोळ, जेवण, थोडी झोप, आणि चारच्या आत संग्रहालय. ते तळ्याच्या उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथली लज्जागौरी शांतपणे बघा. लहान मुलं असतील तर ती कमळाच्या डोक्याची बाई कोण, हे विचारणारच. ती सुफलतेची देवी आहे, हे सरळ सांगावं, लाजून पुढं ढकलू नये.

मग अगस्त्यतीर्थाच्या, म्हणजे याच तळ्याच्या, काठानं चालत भूतनाथाच्या देवळापर्यंत जा. देऊळ पाण्याकडे, पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन त्याच्या दगडावर पडतं. तिथल्या पायरीवर बसून दक्षिणेच्या डोंगराकडे बघा. लेण्यांची काळी तोंडं एकावर एक चढत गेलेली दिसतील. उद्याची चढण किती आहे याचा अंदाज ज्येष्ठांना इथूनच घेऊ द्या.

तपासा: परत येताना लेण्यांच्या तिकीट खिडकीवर जाऊन सकाळी किती वाजता उघडतं ते विचारून ठेवा. लॉजवाल्यानं सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका.

## टप्पा ६: लेण्यात शिरायचा क्रम

हा टप्पा दोनदा वाचा. चारही लेण्यांचा आराखडा ढोबळ मानानं एकच आहे: पुढं खांबांची ओसरी, आत सभामंडप, मागच्या भिंतीत गाभारा. प्रत्येक लेण्यात पुढच्या क्रमानंच फिरा.

१. बाहेर थांबा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजू आणि ओसरीचं जोतं बघा. जोत्यावर ओळीनं बुटके, ढेरपोटे गण कोरलेत, कुणी नाचतोय, कुणी वाजवतोय. बहुतेक लोक त्यांना ओलांडून जातात.

२. ओसरीत शिरा आणि थांबा. डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाईल खिशात.

३. डावं टोक, मग उजवं टोक. मुख्य मोठे शिल्पपट ओसरीच्या आडव्या टोकांना आहेत. गाभाऱ्याकडे पाठ झाली तरी चालेल.

४. वर बघा. मान दुखत असेल तर एक युक्ती: मोबाईल पालथा न धरता कंबरेशी आडवा धरा, समोरचा कॅमेरा चालू करा. छत आरशात दिसावं तसं दिसतं आणि निवांत बघता येतं.

५. खांब. खालून वर. माथ्यावर, छताला टेकू दिल्यासारखे जे कंस आहेत त्यांवर जोडपी, यक्षी आहेत.

६. मग सभामंडप, शेवटी गाभारा.

७. बाहेर पडताना उलटं वळून एकदा सगळं एकत्र बघा.

बॅटरी समोरून मारू नका, शिल्प सपाट दिसतं. तुमच्या हातातली बॅटरी दुसऱ्याकडे द्या, त्याला बाजूला उभं करा आणि उजेड भिंतीला घासून जाईल असा तिरपा टाकायला सांगा. पुसट झालेली बोटं, दागिन्यांचे मणी, ओठांची कड, सगळं उठून येतं.

आणि हात लावू नका. आपली नजर अंबाबाईच्या देवळाच्या आणि खिद्रापूरच्या काळ्या पाषाणाला सरावलेली. हा दगड वेगळा, वालुकाश्म. नावाप्रमाणं वाळूच घट्ट झालेली. घामट हात वर्षानुवर्षं लागले की कण सुटतात. जिथं गोटीसारखं गुळगुळीत झालंय तिथं आपल्यासारख्यांचेच हात लागलेत.

## टप्पा ७: बदामीची चार लेणी

सकाळी दार उघडताच आत. लेणी उत्तरमुखी आहेत, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ऊन थेट आत येत नाही. मात्र सूर्य वर आला की समोरचा उत्तरेचा कडा उजळतो आणि त्याचा परतलेला उजेड ओसरीत भरतो. पहिली दोन लेणी सावकाश बघत तिसऱ्याला पोचाल तोवर हा उजेड बहुतेक मिळतो.

वाटाड्या हवा असेल तर दाराशी परवानाधारक गाईड भेटतात. पैसे, भाषा आणि वेळ तिन्ही आधी ठरवा. "चारही लेणी, घाई नाही" हे शब्द स्पष्ट उच्चारा.

लेणं १ (शिव). दारातच उजव्या अंगाला बाहेरच्या कड्यावर १८ हातांचा नटराज आहे. हात मोजा, नऊ आणि नऊ. गाईड सांगतील की डाव्या-उजव्या हातांच्या जोड्या लावल्या तर ८१ मुद्रा होतात. हिशेब बरोबर आहे. पण नटराजावर गर्दी असते तेव्हा डावीकडच्या द्वारपालाकडे जा. त्याच्या खाली एक बैल आणि एक हत्ती आहे आणि दोघांना मिळून डोकं एकच. थोडं लांब उभं राहून तळवा डोळ्यासमोर धरा. एक धड झाकलं की हत्ती दिसतो, दुसरं झाकलं की बैल. माझ्या भाचीनं हे दहा मिनिटं केलं आणि घरी येऊन सगळ्यांना काढून दाखवलं. ओसरीच्या टोकांना हरिहर आणि अर्धनारीश्वर, इथं घरच्या तयारीची परीक्षा. छताला वेटोळं घातलेला नागराज.

लेणं २ (विष्णू). आकारानं लहान, म्हणून लोक फोटो काढून पुढं जातात. दोन टोकांना वराह आणि त्रिविक्रम. छतातलं चक्र शोधा, त्याचे आरे म्हणजे १६ मासे आहेत.

लेणं ३ (विष्णू). सगळ्यात मोठं. अर्धा वेळ इथं द्या. चाळीस मिनिटांपेक्षा कमी थांबलात तर घाई केलीत असं समजा. ओसरीच्या एका टोकाला शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला विष्णू आहे. झोपलेला नव्हे, बसलेला, राजासारखा. नरसिंह उभा आहे, शांत. मांडीवर हिरण्यकश्यपू शोधत बसू नका, इथं तो नाही. पुष्कळजण म्हणूनच त्याला ओळखत नाहीत. खांबांच्या माथ्यावरची जोडपी या लेण्याची खरी श्रीमंती, दुर्बीण इथं काढा. झाडाखाली रेललेली एक बाई, तिला सावरणारा पुरुष, आणि पायाशी बुटका सेवक, प्रत्येक कंसावर वेगळा प्रसंग. पुढच्या कमानदार छज्जाच्या आतल्या बाजूला रंगांचे पुसट अवशेष आहेत. तिथं मात्र बॅटरी आणि फ्लॅश दोन्ही बंद.

ओसरीतला चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख शक ५०० मधला, म्हणजे इसवी सन ५७८. कार्तिक पौर्णिमेचा उल्लेख आहे. या चारांत नक्की तारीख असलेलं लेणं हेच. अक्षरं वाचता येणार नाहीत, तरी दोन मिनिटं त्यांच्यासमोर उभं राहायला काय जातं?

इशारा: तिसऱ्याच्या अंगणातून तळं फार सुरेख दिसतं आणि लोक तिथंच बसतात, पाणी पितात, फोटो काढतात आणि उतरतात. सगळ्यात मोठं बघून झालं, आता काय राहिलं, असं वाटतं. आमच्या शेजारच्या काकू हातकणंगल्याकडच्या, जैन. त्या खास चौथ्यासाठी आमच्याबरोबर आल्या होत्या. पण बाकीचे थकले म्हणून त्याही "राहू दे" म्हणत उतरल्या. घरी आल्यावर त्यांच्या सुनेनं विचारलं, "पार्श्वनाथ बघितले का?" तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा घेऊन गेलो.

लेणं ४ (जैन). अगदी जवळ आहे, बाजूलाच. आकारानं लहान. इथं चप्पल बाहेर काढा, चामड्याचा पट्टा वा पाकीटही आत नको. पूजा चालू नसली तरी जैन कुटुंबं इथं दर्शनाला म्हणूनच येतात. आवाज खाली ठेवा. ओसरीच्या एका टोकाला पार्श्वनाथ, दुसऱ्या टोकाला बाहुबली, एकमेकांसमोर. गाभाऱ्यात महावीर. चार लेण्यांत हे एकच असं की जिथं गाभाऱ्यापाशी जाऊन हात जोडावेसे वाटतात. मग भिंतींकडे बघा: लहान-लहान तीर्थंकरांच्या ओळी. मोठ्या मूर्तींच्या मानानं त्या रेखीव पण ताठ वाटतील, कारण त्या काही शतकांनंतर कोरल्यात.

तपासा: उतरण्याआधी स्वतःला विचारा. मासे बघितले? बैल-हत्ती बघितला? बाहुबलीच्या बटा बघितल्या? एखाद्याचं उत्तर नाही आलं तर आत्ताच मागं वळा, खाली गेल्यावर कुणी परत चढत नाही.

दुपारी बनशंकरी. देवीचं दर्शन घ्या आणि तळ्याशी टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडून ज्वारीची भाकरी, झुणका, चटणी आणि दही घेऊन खा. लॉजवर जेवू नका.

## टप्पा ८: ऐहोळे

बदामीहून ऐहोळे सुमारे ३५ किलोमीटर, वाटेत पट्टदकल. सकाळी थेट ऐहोळे गाठा, पट्टदकल नंतर. लोक उलट करतात आणि ऐहोळेला भर दुपारी पोचतात. मग मेगुती टेकडी चढायची कुणाची तयारी नसते.

१. आधी मेगुती. ऊन चढायच्या आत. वाटेत अर्ध्यावर दुमजली बौद्ध लेणं लागतं. माथ्यावर मेगुतीचं जैन मंदिर, हे बांधीव आहे. पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीत रविकीर्ती या कवीचा लेख आहे, शक ५५६, इसवी सन ६३४. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती. त्यात कालिदास-भारवींची नावं आहेत आणि तीन महाराष्ट्रकांतल्या ९९ हजार गावांवरच्या त्याच्या सत्तेचा उल्लेखही. मराठी माणसानं इथपर्यंत येऊन हा लेख न बघता जाऊ नये.

२. मग जैन लेणं. सगळ्यात जास्त चुकणारी जागा. "जैन लेणं कुठं?" विचारलं की लोक मेगुतीकडे बोट दाखवतात, आणि आपण वरचं देऊळ किंवा मधलं बौद्ध लेणं बघून समाधान मानतो. खरं जैन लेणं त्याच टेकडीच्या आग्नेय अंगाला, वेगळं आहे. दाराला कधी कुलूप असतं. दुर्ग मंदिराच्या आवारातल्या खात्याच्या माणसांना आधी विचारून ठेवा. आत ओसरीचं छत नक्षीनं भरलेलं, आणि इथंही पार्श्वनाथ-बाहुबलीची जोडी. काल बघितलेल्या जोडीचे फोटो बाजूला धरून ताडून बघा. कोणता बाहुबली तुम्हाला जास्त आवडला, यावर गाडीत वाद होऊ द्या.

३. रावणफडी. नावात रावण, आत शिव. समोर तुटका स्तंभ आहे, तिथून आत बघायला सुरुवात करा. डाव्या दालनात दहा हातांचा नाचणारा शिव, भोवती सप्तमातृका. त्यांचे उंच मुकुट आणि वस्त्राच्या उभ्या, बारीक चुण्या बघा. बदामीत असं काही दिसलं नव्हतं. इथं बॅटरी तिरपी धरणं फार गरजेचं, चुण्या समोरच्या उजेडात पुसल्या जातात. गाभाऱ्यात लिंग आहे.

४. शेवटी दुर्ग मंदिराचं आवार आणि संग्रहालय. नाव दुर्गादेवीवरून पडलेलं नाही, दुर्ग म्हणजे किल्ला, त्यावरून पडलंय. हे बांधीव, म्हणून आपल्या विषयाबाहेरचं, पण सावलीत बसायला उत्तम.

इशारा: ऐहोळेत लेण्यांपाशी पाण्याची किंवा खाण्याची सोय धरून चालू नका. बाटल्या गावात भरून घ्या.

## टप्पा ९: त्याच रात्री नोंद

फोटो शेकड्यानं निघतात आणि आठवड्यानं सगळे तांबडे दगड एकसारखे दिसतात. म्हणून रोज रात्री लॉजवर फोटोंना नावं द्या: "ब-३, डावं टोक, बसलेला विष्णू." लेण्यात शिरताना आधी पुरातत्त्व खात्याच्या पाटीचा एक फोटो काढलात तर पुढचे कुठले ते आपोआप कळतं. वहीत दोन ओळी: काय नीट दिसलं, काय राहिलं. राहिलेल्याची यादी पुढच्या बनशंकरीच्या खेपेला उपयोगी पडते.

परत येताना ऐहोळेहून अमीनगडमार्गे निघालात तर तिथला करदंट (सुकामेव्याची वडी) घ्या. गोकाकचाही वाटेत मिळेल. घरात दोन तट पडतील, म्हणून दोन्हीकडचा पाव-पाव किलो. आणि संकेश्वरला महामार्गाला लागेपर्यंत उजेड असेल असं बघून ऐहोळे सोडा. उसाच्या ट्रॉल्या संध्याकाळीच रस्त्यावर येतात.